इडाच्या ढिगावरची झोंबरी

रोझॅन वाईट बाई नाही, असं गावातले सगळे म्हणतात. मीही म्हणते. पण वाईट माणसाशी भांडता तरी येतं. जी बाई गवती हॅट घालून, हसतमुखाने, सोबत डझनभर माणसं घेऊन दुसऱ्याचं भलं करायला निघते, तिच्याशी कसं भांडायचं ते मला आजवर कुणी शिकवलेलं नाही. म्हणून त्या दिवशी जे सुचलं ते केलं, आणि त्याची मला काडीचीही लाज वाटत नाही.

आमच्या गावाचं नाव स्किलेट, म्हणजे तवा. ज्याने ठेवलं त्याने ते जुलैत ठेवलं असणार. पूर्वी इथे शंखजिऱ्याची खाण होती. ती बंद पडली तेव्हा ज्यांना जायला जागा होती ते गेले, बाकीचे आम्ही राहिलो. पेट्रोलचा पंप आणि त्याला चिकटलेलं दुकान माझं. कॉफी, बर्फ, डब्यातले बीन्स आणि गावातली हरएक बातमी माझ्याकडे मिळते. ही एकच बातमी अशी की ती माझ्याकडे सगळ्यांत उशिरा आली, आणि तो राग वेगळाच.

गावामागे डोंगराचा उभा कडा आहे आणि त्याच्या पायथ्याशी कबरस्तान. तिथल्या जमिनीत पहार मारली तर पहारच उसळते. त्यामुळे खड्डा जेमतेम होतो, आणि कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगडांचा ढीग रचतात. डोक्याशी लाकडी फळी, तिच्यावर नाव. पण आमचा वारा रेती घेऊनच फिरतो. दोनचार वर्षांत फळी तासल्यासारखी कोरी होते. ती कुणी बदलत नाही. कोण कुठे आहे ते गावाला ठाऊक असतं, मग लिहायचं कुणासाठी? भेटायला जाताना एक दगड न्यायचा, ढिगावर ठेवायचा, थोडं बोलायचं आणि परत यायचं. आणि ढिगावर जे आपसूक उगवेल त्याला हात लावायचा नाही. इथे काही उगवतं हेच नवल, त्यामुळे ते उपटायचं कुणाच्या मनातही येत नाही.

इडाच्या ढिगावर झोंबरी उगवली होती.

झोंबरी आमच्या कड्यावर सगळीकडे आहे. चमचाभर माती नसते तिथे, दगडाच्या फटीत, ती बसलेली असते. गुडघाभर उंच, गोल, फिकट हिरवी. पानं इतकी मऊ दिसतात की हात फिरवावासा वाटतो, आणि फिरवला की माणूस बोंबलत दुकानात येतो. पानापानावर बारीक कुसळं असतात. काही सुईसारखी टोचतात, काही आकड्यासारखी धरून ठेवतात. मग मी चिकटपट्टी काढते, हातावर दाबून बसवते आणि खस्सकन ओढते. पुन्हा लावते, पुन्हा ओढते. दुसरा इलाज नाही, म्हणून आमच्याकडे प्रत्येकाच्या गाडीत चिकटपट्टीचं रीळ असतंच. डोंगरातल्या रानमेंढ्या मात्र झोंबरी चवीने खातात, त्यांची तोंडं कशाची असतात देव जाणे. पण एप्रिलच्या शेवटाला ती फुलते तेव्हा बघावी. मोठाली, साटिनच्या कापडाची असावीत तशी पिवळी फुलं, मधे केसरांचा झुबका. सगळा कडा उन्हाने करपलेला आणि त्यात हीच तेवढी नटून बसलेली.

इडा खाणीच्या खाणावळीत स्वयंपाक करायची. मी शाळकरी पोर होते तेव्हापासून तिला घाबरायचे. रस्सा खारट झालाय असं एकदा मुकादमाने म्हटलं, तर तिने त्याची बशी उचलली, दाराबाहेर रिकामी केली आणि पुढच्या माणसाला विचारलं, "तुला कसा वाटला?" तिचा नवरा हॉलिस. खाणीत सुरुंग लावायचं काम, आवाज हळू, रागावलेला कुणी पाहिलेला नाही. नऊ वर्षांपूर्वी इडा गेली. त्यानंतरच्या दुसऱ्या वसंतात तिच्या ढिगाच्या मधोमध एक झोंबरी डोकं वर काढून बसली. कड्यावरून बी पडलं असणार. हॉलिसना त्या वेळी नीट दिसायचं. ते दुकानात आले, हात लालबुंद, आणि हसत होते.

"ट्रूडी, इडाने आज माझा हात झिडकारला बघ," ते म्हणाले. "चारचौघांत हात धरलेला तिला कधी चालला नाही. अजून चालत नाही."

मी चिकटपट्टी काढली, तर म्हणाले, "राहू दे थोडा वेळ."

नंतर त्यांचे डोळे गेले. एकदम गेले असते तर मदत तरी मागितली असती. हळूहळू गेले, त्यामुळे न मागण्याची सवय झाली. त्यांचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, कबरस्तानाला लागूनच आहे. रोज सकाळी कुंपणाच्या तारेवर हात ठेवून चालत जायचे, तार संपली की कड्याच्या भिंतीवर हात ठेवायचे, भिंत आत वळली की खाली वाकून उलटा हात पुढे करायचे. उलटा अशासाठी की खाणीने त्यांचे तळवे केव्हाच मारून टाकले होते, जीव होता तो हाताच्या मागच्या बाजूला. हात पुढे करत करत जायचे आणि झोंबलं की बसायचे. तीच इडा. मग तिला गावाच्या बातम्या, म्हणजे मी सांगितलेल्याच, सांगायचे. दहा वाजता माझ्याकडे कॉफीला यायचे तेव्हा डाव्या हातावर लाल चट्टा असायचा. नव्या माणसांना वाटायचं म्हाताऱ्याला खरूज झाली आहे.

या वर्षी डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की हृदय थकलंय, उन्हाळा निघेल असं धरून चालू नका. हॉलिसनी लायलला सांगून टाकलं. लायल गावाचं खोदयंत्र चालवतो, नळापासून कबरीपर्यंत सगळं तोच खणतो. उन्हाळ्यात इथे खड्डा खणायला गेलं तर खणणाऱ्यालाच त्यात ठेवायची वेळ येते. म्हणून आमच्याकडे थकलेली माणसं आपला खड्डा मे लागायच्या आत खणून घेतात, वर फळ्या टाकून ठेवतात आणि निवांत होतात. कुणाकुणाचा खड्डा तीनतीन उन्हाळे वाट बघत राहिलाय. हॉलिसचं मागणं एवढंच होतं, इडाच्या डाव्या अंगाला. जन्मभर त्याच बाजूला झोपले होते.

रोझॅन दोन वर्षांपूर्वी समुद्राकडून इथे राहायला आली. निवृत्त, एकटी, उत्साह उतू चाललेला. ट्रेलरला मोरपिशी रंग दिला आणि दाराशी अशी झाडं टांगली की जी रोज माझ्या गाईइतकं पाणी पितील, मला गाय असती तर. यंदा तिने रानफुलांचा उत्सव काढला. शहरातून लोक येणार, फुलं बघणार, कबरस्तानातून कड्याकडे जाणार. त्यासाठी समिती. समितीत तिच्यासारखेच नवे आलेले. आम्हा जुन्यांना तिने विचारलं होतं, पण ज्या सभेत बसायला खुर्च्या आणि प्यायला थंड चहा असतो तिथे मी जात नाही, काम असतं. असो.

त्या शनिवारी मी दुकानाचा माल आणायला मोठ्या गावी गेले होते. तिथेच ट्रक बिघडला आणि परत यायला सोमवार सकाळ झाली. दुकान उघडून कॉफी ठेवत होते, तोच हॉलिस दारात उभे.

"ट्रूडी, इडा हरवली."

मला वाटलं, ऊन लागलं. "बसा हॉलिस. पाणी देते."

"पाणी नको मला. वेड लागलेलं नाही. हात बघ माझे."

दोन्ही हात कोपरापर्यंत धुळीने पांढरे. बोटांची सालं सोललेली. लाल चट्टा मात्र कुठे नव्हता.

"काल दिवसभर शोधली, आज पुन्हा," ते म्हणाले. "एकेक ढीग चाचपला. एकही झोंबत नाही. सगळे सारखे लागतात हाताला. शनिवारी तिथे माणसांचा गलका होता. काय झालंय तिथे?"

मी कॉफी तशीच उकळत ठेवली आणि त्यांना गाडीत घातलं.

तिथे जे दिसलं ते आधी मला समजेना. जमीन दाताळ्याने विंचरलेली. ढासळलेले ढीग नीट चौकोनी रचलेले, सगळे एका मापाचे. फळ्या गायब. आणि प्रत्येक ढिगावर एकेक प्लॅस्टिकचं सूर्यफूल खोचलेलं. रानफुलांच्या उत्सवासाठी! कड्याच्या पायथ्यापासून कुंपणापर्यंत जिवंत असं एक पान शिल्लक नव्हतं. हॉलिस गाडीला धरून उभे होते आणि विचारत होते, "काय दिसतंय? ट्रूडी, काय दिसतंय सांग ना."

लायल त्याच्या यंत्राशेजारी उभा होता. तो सोमवारीच खड्डा खणणार होता, तसं ठरलं होतं.

"कुणी केलं हे?" मी विचारलं.

"रोझॅनच्या लोकांनी. शनिवारी."

"आणि तू कुठे होतास?"

"इथेच. मला वाटलं, वाऱ्याने आलेले वाळक्या झुडपांचे काटेरी गोळे काढतायत. ते दर वर्षी काढतोच की आपण."

"हातात दाताळी, फावडी, आणि तुला वाटलं गोळे काढतायत. मग तू काय केलंस?"

"त्यांनी सँडविच दिलं."

"आणि तू खाल्लंस."

"भूक लागली होती, ट्रूडी."

मी स्वतःला आवरलं. "इडाचा ढीग कुठला?"

तो कोपऱ्याकडे बघत राहिला. कड्याच्या वळणात दीड-दोन डझन ढीग दाटीवाटीने आहेत, निम्मे खाणीच्या काळातले, ज्यांची नावं आता वाऱ्यालाही आठवत नसतील. "झोंबरीवाला," तो म्हणाला. मग त्याचं त्यालाच कळलं.

"तुझ्या बापाने खणली होती ना ती कबर?"

"बापाने. मी तेव्हा नेव्हाडात ट्रक चालवत होतो. तू तर होतीस दफनाला."

मी होते. त्या दिवशी धुळीचं वादळ होतं, डोळ्यांवर रुमाल बांधून उभे होते आणि रडत होते. पुढे झोंबरी उगवली, तेव्हापासून मीही तीच बघून त्या ढिगाशी गेले होते. सगळं गावच तसं जात होतं. ठाऊक आहे, ठाऊक आहे म्हणत आम्ही सगळ्यांनी ते एका झुडपाकडे सोपवलं होतं, आणि झुडूप शनिवारी कचऱ्याच्या ट्रकमधून गेलं.

हॉलिसनी सगळं ऐकलं होतं. आंधळ्या माणसासमोर हळू बोलून उपयोग नसतो.

"लायल," ते म्हणाले, "आज खणू नकोस. चुकीच्या माणसाशेजारी टाकशील मला. खाणीतल्या त्या लोकांबरोबर मी लग्नाआधी बराकीत पुष्कळ वर्षं झोपलोय. फार घोरतात ते."

लायल हसला नाही. मीही नाही. त्यांना कड्याच्या सावलीत लायलच्या खुर्चीत बसवलं आणि मी रोझॅनकडे गेले.

ती अंगणात बाण रंगवत होती. 'रानफुलं इकडे.' मला बघून उठलीच. "ट्रूडी! बघून आलीस का? किती प्रसन्न वाटतं ना आता तिथे?"

"कोपऱ्यातल्या ढिगावरचं झुडूप कुणी उपटलं?"

"ते चावरं? बाई गं, काय छळलं त्याने आम्हाला! फावड्याने सोडवावं लागलं. समितीतल्या बिचाऱ्या डग्लसच्या बाहीला असं चिकटलं की शर्टच फेकून द्यावा लागला. तशीच आणखी काही होती कड्यालगत, तीही काढली."

"ढिगावरचं एकच होतं. कुठल्या ढिगावरचं?"

"ते कसं आठवेल? सगळे एकमेकांसारखेच आहेत."

"आता आहेत. शनिवारपर्यंत नव्हते."

तिचा चेहरा थोडा उतरला, पण तिने हसू सोडलं नाही. या हसण्याने माझं डोकं फिरतं. "अगं, उत्सवाला लहान मुलं येणार. त्यांनी हात लावला असता तर?"

"तर पुन्हा लावला नसता."

"ट्रूडी, तण होतं ते."

"आठ दिवसांत फुलणार होतं तुझं तण! ही जी जाहिरात लावली आहेस ना दारावर, हिच्यावर जे पिवळं फूल छापलंयस, कशाचं आहे ते?"

ती वळून बघायला लागली. तिला खरंच ठाऊक नव्हतं. कुठून तरी सुंदर दिसलं म्हणून उचललं होतं. फूल हवं होतं, झुडूप नको होतं. असल्या माणसांनी वाळवंटात यावं कशाला, हे मी मोठ्याने म्हटलं की मनात, आता आठवत नाही. मोठ्याने म्हटलं असावं, कारण तिचे डोळे भरले.

मग मी तिला हॉलिसबद्दल सांगितलं. तार, भिंत, उलटा हात, लायलचा खड्डा. आवाज चढवून सांगितलं, शेजारच्या ट्रेलरांच्या खिडक्या उघडल्या. ती हातातला कुंचला तसाच धरून ऐकत होती, रंग तिच्या बुटांवर गळत होता.

"पण तिथे नाव नव्हतं," ती शेवटी म्हणाली, अगदी हळू. "एक नाव लिहिलेलं असतं ना ट्रूडी, तर मी हात लावला असता का? कुणीच कसं लिहिलं नाही? इतकी वर्षं?"

तिचं खरं होतं, आणि समोरच्याचं खरं असलं की माझा राग दुप्पट होतो.

"गाडीत बस," मी म्हटलं.

गाडीत बसायच्या आधी तिने जाड कातडी हातमोजे घेतले. तेच, शनिवारचे. वाटेत माझं डोकं चालत होतं. झोंबरी उपटली म्हणून जात नाही. वाळलेली डहाळी पुढच्या वर्षीही तितकीच झोंबते. एकदा कपाटातून काढलेल्या, आदल्या वर्षीची कुसळं अडकून राहिलेल्या जुन्या स्वेटरने माझी मान सुजली होती. फावड्याने ओरबाडून काढली म्हणजे पानं फाटली असणार, दगडांच्या फटींत कुसळं पडली असणार. हॉलिसनी ढीग वरवर चाचपले होते. कुसळं असतील तर आत, खाली.

पोचल्यावर मी हे सगळ्यांना सांगितलं. हॉलिस लगेच खुर्चीतून उठायला लागले. "मग मी बघतो. हात घालतो आत."

"तुम्ही बसा," मी म्हटलं. त्यांच्या हातांवर सोलायला आणखी काही उरलं नव्हतं. लायल बाह्या सरसावून पुढे झाला. त्याला म्हटलं, "तूही बस. तुझ्या हाताला विंचू चावला तरी तुला संध्याकाळी कळेल."

खरं तर मीच बघू शकले असते. माझे हात ठीक आहेत. पण मी रोझॅनकडे वळले.

"हातमोजे काढ."

"काय?"

"हातमोजे काढ आणि शोध. प्रत्येक ढिगात, दगडांच्या मधे, खालपर्यंत. जिथे झोंबेल तिथे इडा."

"ट्रूडी, हा क्रूरपणा आहे."

"हो," मी म्हटलं. "आहे."

हॉलिस म्हणाले, "पोरी, तिला कशाला..." पण मी त्यांचंही ऐकलं नाही. त्या दिवशी मी कुणाचंच ऐकलं नसतं.

मला वाटलं, आता रोझॅन रडत गाडीत जाऊन बसणार, आणि मग मला आणखी बोलायला मिळेल. पण तिने हातमोजे काढले, घडी करून हॅटमध्ये ठेवले, हॅट जमिनीवर ठेवली आणि पहिल्या ढिगापाशी गुडघ्यांवर बसली. हात पांढरे, मऊ, नखांना गुलाबी रंग. डोळे घट्ट मिटून तिने हात दगडांत घातला. काही नाही. दुसरा ढीग. तिसरा. प्रत्येक वेळी हात घालण्याआधी तिचे खांदे वर जायचे आणि नंतर खाली यायचे. ऊन कड्यावरून सरकून तिच्या पाठीवर आलं होतं. दगड तापले होते. प्लॅस्टिकची सूर्यफुलं तिनेच एकेक उपटून बाजूला टाकली, मी सांगितलं नव्हतं.

मधेच ती माझ्याकडे न बघता बोलायला लागली. "माझ्या नवऱ्याची राख आम्ही समुद्रात सोडली. त्याचीच इच्छा होती. छान वाटलं होतं तेव्हा. नंतर कळलं की जाऊन बसायला कुठे जागाच नाही. एवढा मोठा समुद्र, त्यात कुठे बघायचं? म्हणून वाटलं, इथे ज्यांची आहे त्यांची तरी जागा नीट असावी."

हे ऐकून मला काहीच वाटलं नाही असं नाही. पण राग गेला नाही.

"पुढचा ढीग," मी म्हटलं.

कोपरा संपत आला. भिंतीला टेकलेले शेवटचे काही उरले होते आणि आता सापडलं नाही तर पुढे काय, याचा मी विचारच केला नव्हता. हॉलिस मान एका बाजूला कलती करून ऐकत होते. दगडाचा आवाज, तिचा श्वास, दगडाचा आवाज.

आणि रोझॅन किंचाळली.

अशी किंचाळली की कड्यावरचे पक्षी उडाले. हात छातीशी धरून ती मागे बसली. तळवा, बोटं, मनगट, सगळीकडे लाल ठिपके उठत होते.

"कोण ओरडलं?" हॉलिसनी विचारलं.

"रोझॅन," मी म्हटलं.

"मग तीच ती," ते म्हणाले. "अनोळखी बायकांशी इडाचं कधी पटलं नाही."

लायलने त्यांना धरून आणलं. ते ढिगाशेजारी बसले, रोजच्यासारखे, आणि उलटा हात पुढे केला. दगडांवरून फिरवला. आम्ही सगळे बघत होतो. हात त्यांनी फटीत घातला, रोझॅनने घातला होता तिथेच, आणि तसाच ठेवला. मग काढला आणि पुन्हा घातला, आणखी खाली.

"मला नाही झोंबत," ते म्हणाले.

मी वाकले, मीही हात घातला. दगड, रेती, बस. जी काही कुसळं उरली होती ती सगळी त्या बाईच्या मऊ हातात गेली होती. माझ्या घशात शिव्या आल्या, पण कुणाला द्यायच्या ते कळेना. तो हात मीच घालायला लावला होता.

"हीच आहे ना नक्की?" हॉलिसनी विचारलं. आवाज लहान झाला होता. "ट्रूडी, तुम्ही मला नुसतं बरं वाटावं म्हणून तर..."

रोझॅन गुडघ्यांवर सरकत त्यांच्याजवळ गेली. तिच्या गालांवर धूळ आणि पाणी एक झालं होतं. तिने आपला सुजलेला तळवा त्यांच्या उलट्या हातावर ठेवला आणि दाबला. तिला ते किती दुखलं असेल हे मला माहीत आहे, मी दर वर्षी लोकांचे हात धरते. तिने ओठ दाताखाली धरला आणि हात आणखी दाबला, थोडा घासला.

हॉलिसचा चेहरा आधी आक्रसला. मग हळूहळू सैल पडला.

"हां," ते म्हणाले. "हां, आलीस का?"

मी खिशातून चिकटपट्टीचं रीळ काढलं होतं, त्याचं टोक नखाने सोडवत होते. ओढल्याचा आवाज त्यांनी ऐकला.

"थांब, पोरी," ते म्हणाले. "इतक्यात काढू नकोस."

मी रोझॅनकडे पाहिलं. तिने मानेनेच नाही म्हटलं आणि हात तिथेच ठेवला. मी रीळ खिशात घातलं. लायल यंत्राकडे न जाता फावडं घेऊन आला आणि इडाच्या डाव्या अंगाला जमिनीवर हळूच खड्ड्याची रेघ मारायला लागला.